वाळवंटात टोपी घालायची की नाही

वस्तादच्या दुकानात दोन खुर्च्या होत्या, पण चालायची एकच. दुसरीची कळ कधीच बिघडली होती, तेव्हापासून तिच्यावर गिऱ्हाइकांच्या पिशव्या, छत्र्या आणि जुनी मासिकं बसायची. अशाच एका मासिकातून वस्तादनं सिंहाचं चित्र कापून आरशाच्या कडेला चिकटवलं होतं. आफ्रिकेतल्या कुठल्याशा दूरच्या वाळवंटातला सिंह. बाकीच्या सिंहांची आयाळ पिवळट असते, ह्याची काळीभोर, पार छातीखाली उतरलेली. लोकांना वाटायचं, केस कापताना पोरांनी हलू नये म्हणून धाक घालायला लावलंय. खरं कारण निराळंच होतं. साऱ्या हयातीत वस्तादनं एवढं दाट डोकं पाहिलं नव्हतं, आणि त्या डोक्याला अजून कोणाची कात्री लागली नाही ही गोष्ट त्याच्या मनातून जात नव्हती.

ह्या चित्रावरूनच थंडोबाचं आणि त्याचं जमलं. थंडोबा हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. उभा जन्म बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढण्यात गेलेला, त्यामुळे बोटं कायमची गार पडलेली. कोणाच्या खांद्यावर हात ठेवला तर तो माणूस दचकून मागे बघायचा. त्यात स्वभावही असा, की घराला आग लागली तरी आधी चपला शोधील. नाव दोन्हीकडून फिट बसलं आणि चिकटलं ते चिकटलंच.

एकदा खुर्चीत बसल्याबसल्या थंडोबानं त्या चित्राकडे बघत विचारलं होतं, हा राहतो तिकडे ऊन कसं असतं? कडक, वस्ताद म्हणाला. दिवसभर? दिवसभर. थंडोबानं डोळे मिटले आणि जरा वेळानं म्हणाला, "मग आपण जाऊ."

झालं. तेव्हापासून दर हजामतीला बेत पुढे सरकू लागला. एकाला सिंहाची मान बघायची होती आणि दुसऱ्याला हाडं शेकायची होती. कारणं दोन, वाळवंट एकच.

ह्या बेताचा एक नियम होता. वाळवंटाचं बोलणं फक्त खुर्चीत, आणि तेही गळ्यात पांढरं कापड बांधल्यावर. बाहेर रस्त्यात, बाजारात, चहाच्या टपरीवर गुडघ्यांबद्दल बोलायचं, महागाईबद्दल बोलायचं, पण वाळवंटाचं नाव काढायचं नाही. सुरुवातीला त्यांनी टपरीवर बोलून पाहिलं होतं. तिथे दोघंही एकदम बोलायचे, शेजारचे चार शहाणे मध्ये तोंड घालायचे आणि ठरायचं काहीच नाही. खुर्चीत कसं, एकाच्या हातात कात्री आणि दुसऱ्याची मान खाली. कामं भराभर उरकायची.

आता ह्यात वस्तादचं पारडं जड होतं हे उघड आहे. थंडोबानं हरकत घेतली की वस्ताद "मान खाली" म्हणून त्याचं डोकं हलकेच दाबायचा. हनुवटी छातीला टेकली की हरकत आतल्या आत विरून जायची. असंच ठरलं, की जायचं ते तिकडच्या कोरड्या थंडीच्या दिवसांत. तेव्हा गवत बसलेलं असतं आणि सगळी जनावरं पाणवठ्याला येतात. असंच ठरलं, की गाडीच्या टपावरचा तंबू नको, जमिनीवरचाच हवा, कारण शिडी चढायची कोणी आणि उतरायची कोणी. सामान मऊ पिशव्यांतूनच न्यायचं, कारण त्या रानात उतरणाऱ्या चिमुकल्या विमानाच्या पोटात कडक पेट्या मावत नाहीत.

त्या दिवसांत वाळवंटात पहाटे पाणी गोठतं, हे वस्तादनं सांगितलं तेव्हा मात्र थंडोबा कापडाखाली ताठ झाला होता. "म्हणजे जन्मभर बर्फात काढून, वर पदरचे पैसे घालून, मी पुन्हा बर्फातच जायचं?"

"दुपारी ऊन असतंय ना. मान खाली."

कामाची वाटणीही झाली होती. रस्ते, विमानं, गाड्या हे थंडोबाकडे. जनावरं, तंबू, अंथरूण-पांघरूण हे वस्तादकडे. कोणी कोणाच्या खात्यात नाक खुपसायचं नाही. लिहून कोणीच काही ठेवलं नाही. अर्धं वाळवंट एकाच्या डोक्यात होतं आणि अर्धं दुसऱ्याच्या.

फक्त एक गोष्ट तेवढी सुटत नव्हती, ती म्हणजे टोपी. थंडोबाचं म्हणणं, रुंद काठाची टोपी हवीच, नाहीतर टाळू करपेल. वस्ताद म्हणायचा, न्हाव्यानं डोक्यावर टोपी घालणं म्हणजे शिंप्यानं उघडं हिंडणं. त्यानं आयुष्यात कधी टोपी घातली नव्हती. साठी ओलांडली तरी त्याचे केस चापूनचोपून बसवलेले असायचे, आणि रस्त्यानं चालताना आपलं डोकं हीच आपली पाटी आहे अशा थाटात तो चालायचा. "सिंहानं माझ्याकडे बघितलं," तो म्हणायचा, "तर त्याला कळायला नको, की समोर कोण उभा आहे?" ह्या एका मुद्द्यावर मान दाबूनही थंडोबा गप्प बसत नसे. छातीत तोंड खुपसलेल्या अवस्थेतही "टोपी, टोपी" असं पुटपुटत राहायचा.

पडद्यामागच्या खोलीत वस्तादची बायको शिवणयंत्र चालवायची. तिला सगळं ऐकू जायचं. "बाजारात तुरी, आणि इथे ह्यांची मारामारी," ती पाय न थांबवता म्हणायची. कधी म्हणायची, "भाऊजी, बिनपाण्याची हजामत करायला एवढ्या लांब कशाला जाताय? नळाला पाणी नसतं तेव्हा हे इथंच करतात की."

तिला वाटायचं, हे नुसतं उंटावरून शेळ्या हाकणं आहे. पण दोघांनी पासपोर्ट काढले, फोटोसाठी वस्तादनं आधी थंडोबाचे आणि मग आरशात बघून स्वतःचे केस कापले, तेव्हा तीही जरा चपापली. दोघांनी आपापल्या वाट्याचे पैसेही बाजूला टाकले होते. अडायचं ते निराळ्याच गोष्टींनी. एका वर्षी थंडोबाची बायको आजारी पडली आणि गेली. मग वस्तादचा गुडघा. मग दुकानाचं छप्पर. दर वेळी "पुढच्या वर्षी" म्हणत कापड झटकलं जायचं आणि खाली पांढरे केस पडायचे. ते पूर्वीपेक्षा जास्त पांढरे असतात हे दोघांनाही दिसायचं, बोलायचं कोणी नाही. म्हणून गेल्या खेपेला वस्तादनं कात्री खाली ठेवून साफ सांगितलं होतं, की आता पुढचं वर्ष नाही. ह्याच थंडीत. थंडोबाही हो म्हणाला होता.

आणि त्यानंतर थंडोबा आलाच नाही.

त्याचे केस वाढायचा हिशेब वस्तादला ठाऊक होता. कानावर यायला लागले की माणूस दारात हजर. ह्या वेळी ते कानाखाली उतरले असणार, तरी पत्ता नाही. बायको म्हणाली, "अहो, घरी जाऊन बघून तरी या." वस्ताद म्हणाला, बोलावल्याशिवाय न्हावी गिऱ्हाइकाच्या दारात जात नाही. मनात मात्र नाही नाही ते येत होतं. आजारी तर नसेल? आरशाच्या कडेच्या सिंहाकडे बघणंही त्यानं टाळलं.

मग एका सकाळी तो भाजीबाजारात बटाटे निवडत होता. सहज वर पाहिलं तर पुढच्या गाडीपाशी एक डोकं पाठमोरं उभं. वस्तादच्या हातातला बटाटा हातातच राहिला. माणसाचा चेहरा तो विसरला असता, पण हे डोकं नाही. डाव्या अंगाला दोन भोवरे, एकाला एक लागून. तिथे केस नेहमी भोवऱ्याच्या कलानं कापावे लागतात, नाहीतर उभे राहतात. आणि ते उभे राहिले होते. कोंबड्याच्या तुऱ्यासारखे, सकाळच्या वाऱ्यावर डुलत. मानेवरची रेघ एकीकडे वर, एकीकडे खाली. कल्ले एक आखूड, एक लांब.

म्हणजे माणूस आजारी नव्हता. माणूस दुसरीकडे गेला होता.

वस्ताद मागे जाऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "केसानं गळा कापणं म्हणतात ते ऐकून होतो. आज बघितलं."

थंडोबानं मागे वळून पाहिलं आणि हातातली पिशवी डोक्यावर धरली. एवढ्या चपळाईनं त्याला हलताना कोणी पाहिलं नव्हतं. तो काहीतरी बोलू लागला, गुडघे, महागाई, कारण बाजारात दुसरं काही बोलायचं नाही असा नियमच होता. वस्तादनं त्याचं बखोट धरलं आणि सरळ दुकानात आणून खुर्चीत बसवलं. वाटेत चार लोकांनी विचारलं काय झालं. वस्ताद म्हणाला, अपघात झालाय, ह्याच्या डोक्याला.

कापड बांधलं गेलं. कात्री चालू लागली. वस्ताद आधी कामाला लागला, कारण राग आपल्या जागी आणि तुरा आपल्या जागी. कल्ले सारखे करून झाल्यावर तो म्हणाला, "हं. आता बोल. आणि मान खाली."

कापडाखालून थंडोबा बोलला. त्याची मुलगी दातांची डॉक्टर. बापलेक एकत्रच राहायचे. घरी टीव्हीवर वाळवंट लागलं की बाबा जेवण विसरतात हे ती वर्षानुवर्षं बघत होती. ह्या वर्षी त्याला सत्तर लागणार, म्हणून तिनं गुपचूप त्याच वाळवंटातल्या एका मुक्कामात जागा धरली. मोजके तंबू, त्यातला शेवटचा मिळाला. त्यात दोन खाटा. एक बाबांची, एक तिची. म्हाताऱ्या माणसाला एवढ्या लांब एकट्याला कसं सोडायचं?

"मग तू सांगायचं नाहीस, आपण दोघं जाणार आहोत म्हणून?"

"घरात कधी बोललोच नव्हतो," थंडोबा म्हणाला. "खुर्चीबाहेर बोलायचं नाही असं आपलंच ठरलेलं. तिला काय माहीत, ह्यात तू आहेस? ती इतकी खुशीत सांगत होती, मी नुसता हो हो म्हणत राहिलो. आणि इथं येऊन बसलो असतो तर तुला सांगावं लागलं असतं. म्हणून ते बस-थांब्यासमोरचं चकचकीत दुकान आहे ना…"

"तिथं गेलास."

"तिथं गेलो. तो पोरगा कानात वायर घालून कापत होता रे."

पडद्यामागचं शिवणयंत्र थांबलं होतं. वस्तादनं थोडा वेळ काही कापलं नाही, नुसती कात्री हवेत चालवली. ह्या बेताशिवाय त्याच्या महिन्याला काही आकार नव्हता हे त्याला तेव्हाच कळलं. बाकीची डोकी येत, जात. पण ह्या एका डोक्यामागे उभा राहून तो आफ्रिकेपर्यंत जाऊन यायचा. आता थंडोबा खरंच जाऊन येणार, आणि मग आरशासमोर बोलायला काय राहणार?

पण माणूस वस्ताद होता. त्यानं कंगवा घेतला, तुरा भोवऱ्याच्या कलानं बसवला आणि म्हणाला, "बरं, मग ऐक. माझं खातं तुला तोंडपाठ करावं लागेल. पहाटे गाडी उघडी असते, तेव्हा गरम कपडे एकावर एक घालायचे, म्हणजे ऊन चढेल तसे उतरवता येतात. पाणवठ्याशी गप्प बसायचं, खोकला आला तरी गिळायचा. एका झाडावर पाखरांनी मिळून बांधलेलं घरटं असतं, गवताच्या गंजीएवढं, ते बघायचं राहू देऊ नको. आणि सिंह दिसला तर समोरून बघू नकोस, समोरून सगळेच बघतात. गाडीवाल्याला सांग, जरा मागच्या अंगाला घे. मानेवर भोवरा कुठे आहे तेवढं मला येऊन सांग."

थंडोबा कापडाखाली नाक ओढत होता. त्याला एकदाही मान खाली म्हणावं लागलं नाही.

तो घरी गेला. जाताना उधार काही ठेवायची सवय नव्हती, तरी पैसे द्यायचे विसरला, आणि वस्ताद मागायचे.

चार दिवसांनी दुकानाशी एक गाडी थांबली आणि थंडोबाची मुलगी आत आली. मागोमाग थंडोबा, चोरासारखा. ती वस्तादला ओळखत होती ती इतकीच, की बाबांना केस मूठभर आणि कापायला अर्धा दिवस लागतो. आल्याआल्या तिनं बिघडलेल्या खुर्चीतल्या पिशव्या बाजूला केल्या आणि बसली.

"काका, मला एक सांगा. मी बाबांना विचारलं, तिकडे किती गरम कपडे घ्यायचे? तर म्हणाले, ते वस्तादला माहीत. विचारलं, तंबूत रात्री दिवा ठेवतात का? ते वस्तादला माहीत. विंचू असतात का? ते वस्तादच्या खात्यात. हे खातं काय प्रकार आहे?"

वस्ताद एका गिऱ्हाइकाला साबण लावत होता. तो गडबडला. पण विंचवाचं विचारल्यावर त्याला राहवेना. बूट रात्री उलटे ठेवायचे, सकाळी झटकून घालायचे, हे सांगितलं. मग दिव्याचं सांगितलं, गरम कपड्यांचं सांगितलं. एकाला एक लागून निघत गेलं, आणि साबण वाळून गिऱ्हाइकाच्या गालाला भेगा पडायला लागल्या. मुलगी ऐकत होती. तिनं आरशाकडे पाहिलं, सिंहाकडे पाहिलं, मग बापाकडे.

"बाबा, तुम्ही दोघं हे किती वर्षं करताय?"

थंडोबा छताकडे बघू लागला. उत्तर पडद्यामागून आलं. वस्तादची बायको कात्रीसकट बाहेर आली आणि म्हणाली, "ह्या छपराच्या आधीपासून, पोरी. जुनं गळायचं तेव्हा बादल्या मांडून ठरवायचे, वाळवंटात पाणी किती न्यायचं ते."

मुलगी हसायला लागली आणि हसता हसता तिनं कपाळाला हात लावला. मग तिनं जे सांगितलं त्यानं सगळेच गार झाले. तिला वाळवंटात जायचं नव्हतंच मुळी. धुळीनं तिला शिंका येतात, लहान विमानात पाय ठेवायची भीती वाटते, आणि दवाखाना बंद ठेवायचा म्हणजे अर्ध्या गावाचे दात लोंबकळत राहणार. पण बाबांना दुसरं कोणी नाही, अशी तिची समजूत. विमानाची तिकिटं अजून काढली नव्हती. नुसता तंबू धरला होता, आणि त्यात खाटा दोन, नाव कोणाचंही चालतं.

"काका, पासपोर्ट आहे ना तुमचा?"

पासपोर्ट होता. तरी वस्तादनं मान हलवली. ही तिनं बापासाठी आणलेली भेट, तिची जागा, आपण कसं जायचं? शोभत नाही. पुढच्या वर्षी बघू. असं म्हणून त्यानं गिऱ्हाइकाची दाढी उरकली, आणि आणखी दोन कारणं सांगितली, गुडघा आणि दुकान. बायको म्हणाली दुकान कुठे पळून जात नाही. त्यावर त्यानं तिसरं कारण शोधलं. मुळात माणूस अभिमानी, आणि इतकी वर्षं हवी असलेली गोष्ट कोणी अशी ताटात वाढून पुढे केली की हात आखडतोच.

मुलगी उठली. "आमच्याकडे पण खुर्ची असते, काका," ती म्हणाली. "त्या खुर्चीत बसलेल्या माणसाशी मी कधीच वाद घालत नाही, कारण त्याला बोलताच येत नाही. बाबा, बसवा ह्यांना."

चालणारी खुर्ची नुकतीच रिकामी झाली होती. वस्तादला काही कळायच्या आत एका बाजूनं मुलीनं आणि दुसऱ्या बाजूनं स्वतःच्याच बायकोनं त्याला खाली बसवलं. थंडोबानं कापड झटकलं, त्याच्या गळ्याभोवती बांधलं आणि आपला गार हात त्याच्या मानेवर ठेवला. वस्ताद खांद्यापासून शहारला.

"मान खाली," थंडोबा म्हणाला.

"अरे, थंडोबा, लेका…"

"मान खाली. येणार की नाही तेवढं सांग." त्यानं फळीवरची कात्री उचलली. इतक्या वर्षांत ती दुसऱ्या कोणाच्या हातात गेली नव्हती. "नाही म्हणालास, तर मी कापायला घेतो."

वस्तादनं आरशात बघितलं. बर्फाच्या लाद्या ओढणारी जाडजूड बोटं कात्रीत पुरी शिरतही नव्हती, आणि तरीही ती कानामागे येऊन ठेपली होती. "तुझी हिंमत होणार नाही," तो म्हणाला. पण हनुवटी छातीला टेकलेली होती, त्यामुळे त्यातलं थंडोबाला काहीच ऐकू गेलं नाही. थंडोबा थंड माणूस. त्यानं भरपूर वाट पाहिली. मग कात्री चालवली.

पांढरा झुपका कापडावर पडला.

वस्तादनं हात बाहेर काढून उजव्या कानामागे चाचपलं. तिथे बोटाच्या पेराएवढी खाच होती, सरळ चामडीपर्यंत. साऱ्या आयुष्यात जे डोकं पाटीसारखं मिरवलं, त्याच्यावर आता ही सही. तो खूप वेळ आरशात बघत राहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं, आणि कापडही हलायला लागलं, आणि शेवटी तो इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं.

"येतो," तो म्हणाला. "येतो, बाबा. कात्री खाली ठेव."

मुलीनं तिथेच फोन काढून तंबूवरचं नाव बदलायला सांगितलं. वस्तादची बायको पडद्याआड गेली आणि परत आली ती हातात माप घ्यायची टेप घेऊन. तिनं ती नवऱ्याच्या डोक्याभोवती गुंडाळली आणि ओठात टाचणी धरून म्हणाली, "जाड कापडाची शिवते. काठ रुंद ठेवू ना, भाऊजी?"

"रुंदच ठेवा," थंडोबा म्हणाला.

वस्तादची मान खाली होती.